वर्गात झोपणारे मूल

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निद्रेचे विकार आणि त्याबाबत शिक्षकाचे कर्तव्य, हा विषय मला आज बोलण्यासाठी देण्यात आला आहे. मी वैद्य नव्हे. माझी सारी नोकरी आपल्या जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत, खडू-फळ्याच्या सहवासात झाली. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. माझा अधिकार एवढाच की, या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आणि तिचे फळ मला नव्हे, तर एका मुलाला भोगावे लागले. त्यानंतर जे डॉक्टरांकडून विचारून घेतले व वाचून समजावून घेतले, ते आपणांपुढे ठेवीत आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका द्विशिक्षकी शाळेत होतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. माझ्याकडे दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. अंगाने किरकोळ, तोंड सदा उघडे, नाक सदा चोंदलेले. प्रार्थनेला तो डोळे चोळीतच उभा राही. पहिल्या तासाला त्याची मान खाली जाई. दुपारच्या जेवणानंतर तर तो पाटीवर डोके टेकून सरळ झोपी जाई. मी त्याला उभे केले, तोंड धुऊन यायला सांगितले, बाकावर उभे केले. एके दिवशी चिडून मी त्याला 'कुंभकर्ण' म्हटले. वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाचे नावच कुंभकर्ण झाले.

एकदा त्याची आजी शाळेत आली. ती म्हणाली, "गुरुजी, पोराला लई मारू नका. रातभर घोरतंय. मधीच त्याचा दम कोंडतो. मी उठून त्याला कुशीवर करते, तवा कुठं श्वास लागतो." मी म्हणालो, "आजी, लेकरू घोरतं म्हणजे गाढ झोपतं. त्याला लवकर उठवीत जा." बंधुभगिनींनो, रोगाचे संपूर्ण लक्षण त्या निरक्षर बाईने माझ्यापुढे मांडले होते. शिकलेल्या माणसाला मात्र ते ऐकू आले नाही.

तो मुलगा चौथीत असताना माझी बदली झाली. माझ्या जागी आलेल्या बाईंनी पहिल्याच महिन्यात त्याच्या वडिलांना बोलावून घेतले आणि त्याला शहरातील कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठविले. नाकाच्या मागे वाढलेल्या ग्रंथी आणि सुजलेले टॉन्सिल यांमुळे झोपेत त्याचा श्वासमार्ग बंद होत होता. शस्त्रक्रिया झाली. काही आठवड्यांत तो वर्गात जागा राहू लागला. परंतु दुसरी आणि तिसरीत जे वाचन यावयाचे, ते त्याचे राहून गेले होते. बाईंनी ते पुष्कळसे भरून काढले, सगळे भरून निघाले नाही. ती दोन वर्षे माझ्या वर्गातली होती.

किती झोप पुरेशी?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वर्गात पेंगणारे प्रत्येक मूल आजारी नसते. बहुतेकांना झोपच कमी मिळालेली असते. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१६ साली मुलांच्या झोपेचे प्रमाण सांगितले, ते असे : तीन ते पाच वर्षांच्या बालकास दिवसाच्या झोपेसह १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास ८ ते १० तास. आता आपल्या गावाकडे पाहा. शेतीची वीज ज्या आठवड्यात रात्रीच्या पाळीला असते, त्या आठवड्यात बाप मोटार चालू करायला मध्यरात्री उठतो आणि त्याच्याबरोबर अर्धे घर जागे होते. कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटे चारला चूल पेटवते. एका खोलीत सहा माणसे, एक दूरचित्रवाणी, दोन मोबाइल. लग्नसराईत आणि यात्रेत ध्वनिक्षेपक. आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर जाऊन आलेल्या मुलाची झोप तर कित्येक महिने गाडीच्या वेळेवर चाललेली असते. अशा मुलास औषध नको, झोप हवी.

लहान वर्गांच्या शाळेची वेळ हा प्रश्न आपल्या राज्यात अलीकडे चर्चिला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल श्री. रमेश बैस यांनी मुलांची झोप अपुरी राहते, याकडे लक्ष वेधले. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाने आदेश काढला की, पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत. शहरातील मुलांना याचा उपयोग आहे. आपल्या खेड्यातील शाळा बहुधा पूर्वीपासूनच उशिरा भरतात. तरीही आपली मुले पेंगतात. यास्तव आपला प्रश्न शाळेच्या घंटेने सुटणारा नाही. मूल रात्री कधी निजते, कसे निजते आणि निजल्यावर त्याचे काय होते, हे आपण विचारले पाहिजे.

घोरणे व श्वास अडकणे

निद्राविकारांत शिक्षकाने सर्वांत आधी ओळखावा असा हा विकार होय. नाकाच्या पाठीमागे, घशाच्या वरच्या अंगाला एक ग्रंथी असते. डॉक्टर तिला अ‍ॅडिनॉइड म्हणतात. साधारणपणे तीन ते सात-आठ वर्षे या वयात ती आणि टॉन्सिल श्वासमार्गाच्या मानाने मोठी असतात. जागेपणी घशाचे स्नायू ताठ असल्यामुळे हवा कशीबशी जाते. झोपेत हे स्नायू सैल पडतात, वाट बुजते, श्वास काही क्षण थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू दचकून शरीरास जागे करतो. मूल पूर्ण उठत नाही, पण गाढ झोप मोडते. असे रात्रीतून अनेकदा घडते. सकाळी मुलाने नऊ तास अंथरुणात काढलेले असतात, परंतु विश्रांती मिळालेली नसते.

डॉक्टरांच्या अनुमानाप्रमाणे हा विकार शंभरांत एक ते पाच मुलांना असतो. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात असे एखादे मूल असणे मुळीच अशक्य नाही.

येथे एक फसगत होते, ती सांगतो. मोठ्या माणसाची झोप मोडली की तो पेंगतो. लहान मूल पुष्कळदा पेंगत नाही, उलट चळवळे होते. एका जागी बसत नाही, चिडते, मारामारी करते, सांगितलेले विसरते. आपण त्याला 'द्वाड' म्हणतो. म्हणून केवळ झोपाळू मुलाकडे पाहून चालणार नाही. तोंडाने श्वास घेणारे, सकाळी डोके दुखते म्हणणारे, वाढ खुंटलेले आणि अकारण अस्वस्थ असणारे मूलही पाहावे.

ही गोष्ट नवी नाही. विल्यम हिल नावाच्या इंग्रज डॉक्टराने १८८९ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवले की, शाळेत मंद व आळशी ठरलेली, तोंडाने श्वास घेणारी आणि रात्री घोरणारी मुले शाळेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने आस्थेने तपासावीत. पुढे १९९८ साली डॉ. डेव्हिड गोझाल यांनी अमेरिकेत पहिलीच्या वर्गातील, अभ्यासात सर्वांत मागे असलेली २९७ मुले तपासली. त्यांपैकी ५४ मुलांच्या, म्हणजे शंभरी १८ मुलांच्या, झोपेतील श्वासोच्छ्वासात दोष सापडला. यांपैकी ज्या २४ मुलांच्या ग्रंथी व टॉन्सिल काढले गेले, त्यांचे गुण पुढील वर्षी वाढले. ज्यांच्या पालकांनी उपचार करून घेतले नाहीत, त्यांचे गुण जवळजवळ तेथेच राहिले. आपल्या वर्गातील शेवटच्या रांगेकडे पाहताना हे आकडे आठवावेत.

प्रत्येक मुलास शस्त्रक्रिया लागते असे नाही. सौम्य विकारात नाकातील औषधाने गुण येतो. काहींच्या बाबतीत ॲलर्जीवर इलाज करावा लागतो, काहींचे वजन आटोक्यात आणावे लागते. शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना आराम पडतो, सर्वांनाच पूर्ण पडतो असेही नाही. हा निर्णय डॉक्टरांचा. सर्दी-पडशात चार दिवस घोरणे हे लक्षण नव्हे. सर्दी नसतानाही आठवड्यातील बहुतेक रात्री मूल घोरत असेल, झोपेत गुदमरत असेल, मान मागे टाकून निजत असेल, तर त्यास पाठविलेच पाहिजे.

रात्री किंचाळणे, चालणे आणि झटके

दुसरा प्रकार पालकांना भयभीत करणारा आहे. निजल्यानंतर एक-दोन तासांनी मूल एकाएकी किंचाळून उठून बसते. डोळे उघडे, अंग घामाने ओले, पण आईस ओळखत नाही. थोड्या वेळाने आपोआप निजते आणि सकाळी त्यास काही आठवत नाही. काही मुले झोपेत चालतात. गाढ झोपेतून अर्धवट जाग आल्यामुळे हे होते आणि वाढत्या वयाबरोबर बहुधा थांबते. अशा वेळी मुलास हलवून जागे करू नये. त्यास इजा होणार नाही एवढे पाहावे. दाराची कडी वर लावावी, विहिरीकडची वाट बंद ठेवावी, माळवदावर वा गच्चीवर निजवू नये.

परंतु याच्याशी मिळताजुळता दिसणारा दुसरा विकार आहे, तो म्हणजे झोपेत येणारी फीट. तिच्यात दर खेपेस तोच प्रकार जसाच्या तसा घडतो. हात किंवा पाय एका लयीत झटके देतात, तोंड एका बाजूस वाकडे होते, लाळ गळते, अंग ताठ होते, कधी जीभ चावली जाते वा कपड्यात लघवी होते. एका रात्रीत असे अनेकदा किंवा पहाटेच्या सुमारास घडू शकते. या दोहोंतील भेद आपण करू नये, तो डॉक्टरांनी करावा. आपण पालकांस एवढेच सांगावे की, पुन्हा तसे झाले तर मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करून ते डॉक्टरांना दाखवा. मुलांची झोप मोडणारे ते यंत्र येथे मोठ्या उपयोगास येते. फीट पाच मिनिटांत थांबली नाही, तर मात्र वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. तोपर्यंत मुलास कुशीवर करावे. तोंडात चमचा घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये.

'बाहेरचे झाले आहे' असे म्हणून अशा मुलांना उतारे आणि अंगारे होतात, हे आपण जाणतो. पालकांच्या श्रद्धेशी भांडत बसू नये. देवाला नारळ फोडायचा तर फोडा, पण त्याच दिवशी दवाखान्यातही जा, असे मी सांगत असे आणि ते मानले जाई. मात्र भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविला आहे. तेथे शिक्षकाने गप्प राहू नये.

इतर लक्षणे

अंथरूण ओले होणे ही पाच वर्षांपर्यंत काळजीची बाब नव्हे आणि त्यानंतरही ती मुलाची खोडी नव्हे. तथापि, जे मूल पूर्वी कोरडे राहत होते ते पुन्हा अंथरूण ओले करू लागले, त्यास फार तहान लागू लागली आणि ते वाळू लागले, तर तो मधुमेह असू शकतो. अशा मुलास त्याच दिवशी दाखवावे.

'पाय कळतात, मुंग्या येतात, हलविले की बरे वाटते' असे म्हणत काही मुले रात्री तळमळतात. यामागे पुष्कळदा शरीरातील लोहाची कमतरता असते. साप्ताहिक लोहगोळ्या आपण शाळेत देतोच. लहानांस गुलाबी, मोठ्यांस निळी. त्या केवळ नोंदवही भरण्यासाठी नव्हेत, मूल ती खरोखर गिळते का, हे पाहावे. रात्रीचा कोरडा खोकला हा दमा असू शकतो. खरूज रात्रीच अधिक खाजते. गुदद्वाराची खाज जंतांमुळे असते. या साध्या दुखण्यांनीही झोप उडते आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रात बरी होतात.

एक विकार विरळा, पण ओळखण्यास चमत्कारिक आहे. पुरेशी झोप घेऊनही वरच्या वर्गातील मुलास दिवसा अनावर झोपेचे झटके येतात आणि खदखदून हसताना त्याचे गुडघे लुळे पडतात वा मान गळते. यास नार्कोलेप्सी म्हणतात. हे सोंग नव्हे, मेंदूतील विकार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

शिक्षकाने काय करावे?

आपणांवर कामाचा बोजा किती आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून नवे रजिस्टर सुचवीत नाही. वहीचे एक पान पुरे.

१. जे मूल आठवड्यातून तीन-चार दिवस पेंगते किंवा अकारण अस्वस्थ असते, त्याचे नाव व वार दोन आठवडे टिपावेत. सकाळी पेंगते की जेवणानंतर, तोंड उघडे असते काय, डोके दुखते काय, एवढे लिहावे.

२. पालकांना, शक्य तर आईस किंवा आजीस, पाच प्रश्न विचारावेत : केव्हा निजते व केव्हा उठते? घोरते काय? श्वास अडकतो काय? रात्री उठते, किंचाळते वा झटके देते काय? अंथरूण ओले करते काय? हे प्रश्न चारचौघांत विचारू नयेत.

३. झोपच कमी पडत असेल, तर ठराविक वेळी निजविणे, निजण्यापूर्वी तासभर मोबाइल दूर ठेवणे, मच्छरदाणी लावणे आणि संध्याकाळी चहा न देणे, हे दोन-तीन आठवडे करून पाहावे.

४. घोरणे, श्वास अडकणे, झटके, तहान व वाळणे यांपैकी काही आढळल्यास थांबू नये. टिपलेल्या गोष्टी चिठ्ठीवर लिहून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. चिठ्ठीत रोगाचे नाव लिहू नये, आपण पाहिले तेवढेच लिहावे. तेथून ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालय आणि गरज पडल्यास छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, ज्यास आपण सारे 'घाटी' म्हणतो, असा मार्ग आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत कान-नाक-घसा, बालरोग आणि मानसोपचार हे विभाग आहेत.

५. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. पथकापुढे दिवसभरात पुष्कळ मुले उभी राहतात आणि त्या वेळी सारीच जागी असतात. डॉक्टरांना मुलाची झोप दिसणार कशी? वहीचे ते पान त्यांच्या हाती द्यावे, म्हणजे तपासणी योग्य ठिकाणी होईल.

एकदा चिठ्ठी दिली की काम संपले, असे समजू नये. मजुरी बुडते म्हणून बाप जात नाही. शस्त्रक्रियेचे नाव काढताच आई रडते. महिन्याने पुन्हा विचारावे. शक्य तर ज्या मुलास असाच गुण आला, त्याच्या पालकांशी त्यांची गाठ घालून द्यावी. आपल्या शंभर शब्दांहून त्यांचा एक शब्द भारी पडतो.

आपल्या स्वतःविषयी

आपणांपैकी कित्येक जण शहरात राहून रोज दुचाकीने शाळेला जातात-येतात. ज्यांचे घोरणे शेजारच्या खोलीत ऐकू जाते, ज्यांचा श्वास झोपेत थांबतो असे घरचे सांगतात, ज्यांना सभेत आणि वाहन चालवितानाही डुलकी लागते, त्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. हा विकार रक्तदाब वाढवितो आणि अपघातास कारण होतो. रात्रभर श्वास मोजणाऱ्या चाचणीने तो कळतो. डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ऑस्ट्रेलियात शोधलेल्या, नाकावाटे हवेचा दाब देणाऱ्या यंत्राने तो आटोक्यात राहतो. तसेच आठवड्यातून तीन रात्री याप्रमाणे तीन महिने झोप लागत नसेल, तर तो निद्रानाश होय. त्यावर शेजाऱ्याची झोपेची गोळी घेऊ नये. डॉक्टरांकडे जावे. मन खचले असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

बंधुभगिनींनो, समारोप करतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलास मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, या दोहोंस मनाई केली आहे. मी त्या मुलास कुंभकर्ण म्हटले तेव्हा हा कायदा नव्हता, ही सबब मी सांगणार नाही. शिक्षकास एवढे कळण्यास कायदा लागू नये. सोमवारी शाळेत गेल्यावर आपल्या वर्गात कोण पेंगतो, ते पाहा. त्यास उभे करू नका. शाळा सुटल्यावर त्याच्या घरी जा आणि त्याची आजी काय सांगते, ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.